खरी माणसं बसायचीत

"आता ऊठ. आपलं झालं. खरी माणसं बसायचीत."

सर हे मोठ्यानं म्हणाले नाहीत. सर कधी कुणावर ओरडत नसत. वाकून, कानाशी, घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. मी जाजमावर बसले होते. आत्ताच, टाळ्यांच्या आवाजात, त्यांच्याच माणसांनी मला जाजमावर बोलावलं होतं. टाळ्या अजून पुरत्या थांबल्याही नव्हत्या.

मी उठले. पदर सावरला, बाहेर आले, चपला शोधल्या. माझ्या बसण्यानं जाजमाला पडलेली चुणी सरांनी पायानं सरळ केली. मग गावचे सरपंच आले आणि त्याच जागेवर बसले.

वळसंगच्या पुढचं गाव होतं ते. चावडीपुढचं मैदान. मी जीपच्या सावलीत जाऊन उभी राहिले. अंगावर फाटकं लुगडं. डोक्यात एकच घुमत होतं. खरी माणसं. मग मी कोण?

त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. कपबशा गोळा केल्या, विसळल्या, टोपलीत भरल्या. परत येताना ताईंनी मला पेरू दिला. मी तो खाल्ला. गोड होता.

आमचं मंडळ सोलापुरातलं. मंडळ म्हणजे शिकलेली, सुस्थितीतली माणसं. रिटायर झालेले हेडमास्तर, ते सर. वकीलसाहेबांच्या बायको, त्या ताई. आणखी दोघंतिघं प्राध्यापक. गावोगाव ग्रामसभा भराव्यात, लोकांनी त्यात बसावं, विचारावं, कारभार चार जणांच्या मुठीत राहू नये, म्हणून ही माणसं स्वतःचं पेट्रोल जाळून उन्हातान्हात फिरायची. काम चांगलं होतं. मी आजही त्याला वाईट म्हणणार नाही. वाईट म्हणता आलं असतं तर माझं सगळं सोपं झालं असतं.

मी करमाळ्याकडची. घर गावाबाहेर, म्हारवाड्यात. चौथीत होते तेव्हा आईला आणखी एक मूल झालं आणि माझी शाळा सुटली. कुणी काढलं नाही. पोर कडेवर आलं, पाटी धरायला हात उरला नाही, एवढंच. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला बसले. त्याच वर्षी नवऱ्यानं दुसरी केली. पदरात सुमन. ती माझ्या शेजारी दगडाच्या ढिगाच्या सावलीत बसून असायची.

ताई तिथं आल्या. डोक्यावर छत्री, पायात कापडी बूट. बायकांना नावं विचारत होत्या, पाणी मिळतं का विचारत होत्या. हजेरीच्या वेळी सगळ्या अंगठा उठवत होत्या, मी सही केली. ते त्यांनी बघितलं.

"अगं, तू शिकलेली आहेस," त्या म्हणाल्या.

आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्याच्या मागं मी सोलापूरला आले. गाव लांब राहिलं. आई लांब राहिली.

नव्या पेठेत मंडळाची कचेरी होती. तिच्या मागची खोली मला दिली. खोलीला खिडकी एकच, ती कचेरीत उघडणारी. आभाळ दिसायचं नाही. गिरणीच्या भोंग्यावर वेळ कळायची. पण छप्पर होतं, नळ होता, दोन वेळचं होतं. सुमनला ताईंनी मुलींच्या वसतिगृहात घातलं. तिथं कुणीतरी शहरातलं मोठं माणूस पालक म्हणून लागायचं. ताईंनी स्वतःचं नाव दिलं.

"माझ्या शब्दावर घेतलीय गं तिला," त्या म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या. एकदाच पुरतं.

मला विषमज्वर झाला तेव्हा याच ताई उशाशी बसल्या. घरून थर्मासमधून पेज आणायच्या. कपाळावरची घडी स्वतः बदलायच्या. मी डोळे उघडले की म्हणायच्या, "झोप, झोप." हे मी विसरू शकत नाही. विसरायचंही नाही. पण तीच पेज माझ्या घशात पुढं किती दिवस अडकून राहिली, ते मलाच माहीत.

नमुना सभेची कल्पना सरांची. सर म्हणायचे, भाषणं लोक ऐकत नाहीत, दाखवलं तर बघतात. म्हणून खऱ्या ग्रामसभेच्या आधी अर्धा तास नमुना सभा करायची. म्हणजे नाटकच. गावात जायचं, चावडीपुढं मंडळाचं मोठं निळं जाजम अंथरायचं. सर सरपंच व्हायचे. एक प्राध्यापक तलाठी व्हायचे. ताई बाजूला उभ्या राहून समजावून सांगायच्या. नाटक संपलं की त्याच जाजमावर गावची खरी सभा.

त्यात एक अडाणी बाई लागायची. ती मी.

अडाणी बाईनं जाजमाच्या बाहेर, मातीत बसायचं. तोंडावर पदर. सरपंच झालेले सर विचारायचे, "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय का?" मी पदरात हसायचं आणि म्हणायचं, "आमाला काय कळतंय, सायेब?" लोक खो खो हसायचे. प्रत्येक गावात, न चुकता. मग ताई पुढं येऊन सांगायच्या, "ग्रामसभा सगळ्यांची आहे. बाईचीही आहे. या बाई, जाजमावर बसा." मी लाजत लाजत जाजमावर बसायचं. टाळ्या.

पहिल्या तालमीला मी माझं बरं लुगडं नेसून आले होते. हिरवं. ठिगळ होतं, पण आतल्या बाजूला, दिसत नव्हतं. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे फार नीटनेटकं आहे गं," म्हणाल्या. ट्रंकेतून एक जुनं काढलं. कुणीतरी मंडळाला दान दिलेलं. ते खांद्यापाशी थोडं उसवलं होतं. ताईंनी माझ्या अंगावरच ते दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. टर्र आवाज आला. "अजून थोडं. मागच्या रांगेला दिसायला हवं."

माझा खांदा उघडा पडला. समोर प्राध्यापक बसले होते. त्यांनी मान खाली घातली. तेवढं त्यांना कळलं.

गावाहून आलं की मी ते लुगडं धुवायची. धूळ असायची की. एकदा ताईंनी दोरीवर वाळत घातलेलं बघितलं. "धूत जाऊ नकोस गं. ते मळकंच बरं दिसतं."

मग मी धुणं बंद केलं. ते घामट लुगडं घडी घालून ट्रंकेत जायचं आणि पुढच्या गावी तसंच माझ्या अंगावर यायचं. जीप चालवणारे जब्बारभाई मला बघून म्हणायचे, "क्या आक्का, आज बी वोच फटेला?" मी म्हणायची, "आजबी तेच." ते हसायचे, मीही हसायची. त्यांच्या हसण्यात टोचणी नव्हती. आम्हा दोघांचं पोट एकाच कचेरीवर होतं.

एकदा धीर करून मी ताईंना म्हटलं, "ताई, नाटकातल्या बाईनं एखादा प्रश्न विचारला तर? पाण्याचा म्हना. रेशनचा म्हना."

ताईंनी मनापासून विचार केला. त्या तशाच होत्या. "नको. आधी लोकांना हसू दे. हसली की माणसं मोकळी होतात. मग आपलं ऐकतात."

"पन हसत्यात माझ्यावर."

"तुझ्यावर कुठं? त्या बाईवर हसतात."

त्या बाईचं अंग माझंच होतं, हे ताईंना कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी सांगितलं नसतं. वसतिगृहात सुमन होती.

हळूहळू ते वाक्य माझ्या तोंडात बसलं. नाटकाबाहेरही निघायला लागलं. रेशनच्या दुकानात मापाड्यानं विचारलं, "साखर संपली, गूळ देऊ का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आमाला काय कळतंय?" दवाखान्यात नर्सनं विचारलं, गोळ्या कधी घेतल्या. पुन्हा तेच. वर ते हसूही. खोलीत आले, आरशात बघितलं, तर चेहरा तसाच. तो पुसला जाईना. मला भीती वाटली. खरी भीती. खडी फोडताना अशी कधी वाटली नव्हती. तिथं मी निदान सही करत होते.

दिवाळीच्या सुटीत सुमन आली होती. ती तेव्हा दुसरी-तिसरीत. मला हौस. लेकीला जीपमध्ये बसवून गावाला नेलं. म्हटलं, आईचं काम बघू दे. कपडे बदलायला मी चावडीच्या मागं गेले, तोवर ती गावच्या पोरांत जाऊन बसली.

मी मातीत बसले. पदर ओढला. सरांनी विचारलं. मी म्हटलं, "आमाला काय कळतंय, सायेब?"

लोक हसले. पोरं हसली. त्या सगळ्या हसण्यात मला एक हसणं वेगळं ऐकू आलं. पदराच्या फटीतून बघितलं. सुमन पोट धरून हसत होती. तिला कळलंच नव्हतं ती बाई कोण.

मग मी जाजमावर येऊन पदर मागं घेतला. तिनं मला बघितलं. हसणं एकदम थांबलं. बाकीची पोरं हसतच होती.

परतताना जीपमध्ये ती माझ्यापासून सरकून बसली. सोलापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाली, "आई, तुला वाचता येतंय की. मला तूच बाराखडी शिकवलीस. मग तसं का म्हनतीस?"

पुढच्या सीटवर ताई होत्या. त्यांनी मागं वळून सुमनच्या गालावरून हात फिरवला. "ते खोटं खोटं असतं, बाळा."

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मी बाहेर बघितलं.

यानंतरही मी नाटक करत राहिले. हे लिहिताना हात अडतो, पण तसंच झालं. जायचं कुठं? खोली त्यांची. लेक त्यांच्या शब्दावर. गावाकडं नवऱ्याच्या दारात सवत. अंगावर उपकार इतके की हलायला जागा नव्हती. कुणी मला बांधून ठेवलं असतं तर दोर तरी दिसला असता.

मग अक्कलकोट रस्त्याचं ते गाव आलं.

तिथली माणसं निम्मं कानडी बोलायची. गावाला सरकारी विहीर मंजूर झाली होती. ती कुठं खोदायची, हे त्या दिवशीच्या खऱ्या सभेत ठरायचं होतं. म्हणून गर्दी होती. पारावर गावातली माणसं बसली होती. आणि लांब, बाभळीखाली, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या पाच-सात बायका. त्यांना त्या विहिरीची आशा होती. ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी वाटीनं भरत होत्या त्या.

नाटक नेहमीसारखं झालं. लोक हसले. बाभळीखाली कुणी हसलं नाही. ताई म्हणाल्या, "ग्रामसभा सगळ्यांची आहे. या बाई, जाजमावर बसा." मी बसले. टाळ्या झाल्या.

तेव्हा बाभळीखालून एक म्हातारी उठली. काठी टेकत सरळ चालत आली आणि माझ्या शेजारी, जाजमावर बसली. पाय पसरून, ऐसपैस. मग मागं वळून तिनं हात केला. "बन्नि, बन्नि." या, या. बाकीच्याही आल्या. एकेक करून बसल्या. त्यांना वाटलं, बोलावलंय.

टाळ्या थांबल्या.

म्हातारीचं नाव शिवम्मा. ते मला नंतर कळलं. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या फाटक्या खांद्यात तिनं बोट घातलं. "लई फाटलंय की गं. सुई हाय माज्याकडं. शिवून देतो."

कानडी माणसाचं मराठी तसंच असतं. देतो म्हणाली. आणि कमरेच्या पिशवीतून खरंच सुईदोरा काढायला लागली.

गावचे सरपंच उभे राहिले. "गुरुजी, हे काय? नाटक झालं न्हवं?"

सर गडबडले. मी त्यांना कधी गडबडलेलं बघितलं नव्हतं. हात जोडून त्या बायकांना म्हणाले, "बायांनो, ते नाटक होतं. दाखवण्यापुरतं. आता सभा सुरू व्हायची आहे. तुम्ही तिथून ऐका."

"तुमीच म्हनला की, बसा," शिवम्मा म्हणाली. "बसलो."

"ते तुम्हाला नव्हतं म्हटलं."

"मग कुनाला?"

पारावरून कुणीतरी म्हणालं, "ह्यास्नी चढवून ठेवायला आलाव व्हय शहरातनं?" दुसरा म्हणाला, "जाजम बाटलं. गुंडाळा ते." सरपंच म्हणाले, "ह्या उठल्या तर सभा. न्हाईतर आमी चाललो."

सर माझ्यापाशी आले. वाकले. तोच कान, तोच आवाज. "तू ऊठ. तू उठलीस की त्याही उठतील."

आत्तापर्यंत ते मला उठवत होते. आता माझ्याकडून यांना उठवायचं होतं. मी जाजमावर चढून दाखवायचं आणि मीच उतरून दाखवायचं. माझं काम हेच होतं. पहिल्या दिवसापासून हेच होतं. मला आत्ता दिसलं.

तरी खोटं सांगत नाही, माझं अंग उठायला लागलं. सवय. गुडघा जमिनीवरून सुटला होता. तेवढ्यात खांद्याला काहीतरी ओढलं गेलं. शिवम्मानं टाका घातला होता. तिचं लक्ष आमच्या बोलण्यात नव्हतंच. डोळे बारीक करून ती शिवत होती. "हालू नगं," म्हणाली. "सुई टोचंल."

ताई आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, मी सांगते. "ऊठ गं. सगळं काम वाया जाईल. सुमनकडं बघून तरी ऊठ."

सुमनकडं बघून.

मी बघितलं. पोट धरून हसणारी, त्या दिवाळीतली सुमन दिसली. आणि एकदम हसायची थांबलेली.

"मी उठत न्हाय, ताई," मी म्हटलं. "इहीर कुटं खांदायची ते ह्या बायांसमोर बोला. सभा हाय की. तुमीच म्हनलाव, सगळ्यांची हाय."

वाघिणीसारखी वगैरे नव्हते मी. पण मी बसून होते.

सभा झाली नाही. पार रिकामा झाला. सरपंच गेले, माणसं गेली. सर जीपमध्ये जाऊन बसले. ताई बसल्या. जब्बारभाईंना जाजम आणायला पाठवलं. ते आले, आमच्याकडं बघितलं, जाजमाकडं बघितलं, आणि तिथूनच जीपकडं वळून म्हणाले, "साब, औरतां बैठे हैं. जाजम कैसा लपेटूं?"

जब्बारभाई तिथंच उकिडवे बसले आणि विडी पेटवली.

शिवम्मानं शेवटचा टाका घातला. दातानं दोरा तोडला. खांद्यावर हात फिरवून बघितलं. "कसं फाटलं गं एवडं?"

"फाटलं न्हाय," मी म्हटलं. "ह्यांनी फाडलंय. हसायला."

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. तिनं सुई पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "आता न्हाय फाटनार. दोन पदरी घातलाय."

कचेरीत आल्यावर ते लुगडं मी धुतलं. वाळवलं. घडी करून ताईंच्या हातात दिलं. म्हटलं, "हे आता नाटकात चालायचं न्हाय."

ताई म्हणाल्या, कार्यकारिणीसमोर माफी माग, सगळं पहिल्यासारखं होईल. मला तेच तर नको होतं. मी माफी मागितली नाही. मग खोली सोडायला सांगितली. चांगल्या शब्दांत सांगितली, त्यांच्याकडं सगळं चांगल्या शब्दांतच असायचं. वसतिगृहातून ताईंनी पालक म्हणून आपलं नाव काढून घेतलं. दुसरं मोठं माणूस मला कुठून मिळणार होतं? सुमनची पत्र्याची पेटी मी डोक्यावर घेतली आणि दोघी चालत निघालो.

आता आम्ही विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत राहतो. सगळ्या तेलगू. मीही विड्या वळते. बोटं काळी झाली. सुमन म्युनिसिपालटीच्या शाळेत जाते आणि संध्याकाळी माझ्याशेजारी पानं कापते. वसतिगृहात तिला पलंग होता, अभ्यासाला टेबल होतं. हे मी तिच्याकडून घेतलं. त्याचं ओझं माझ्यावर आहे आणि ते उतरणारं नाही.

जब्बारभाई एकदा रस्त्यात भेटले. ती विहीर सरपंचांच्या मळ्याला लागून खोदली, म्हणाले. मंडळानं दुसरी बाई ठेवली. लुगडंही दुसरं आणलं.

परवा सुमननं पानं कापता कापता विचारलं, "आई, तू त्या दिवशी उठली असतीस तर?"

तिच्या डोळ्यांत वसतिगृहाचं टेबल होतं. मला दिसलं ते.

"तर तुलाबी उठावं लागलं असतं," मी म्हटलं. "जलमभर. जितं बसशील तितनं."

तिनं पुढचं पान घेतलं.

आमच्या वस्तीतही सभा होतात. नळाच्या, संडासाच्या. नगरसेवक येतो, सतरंजी अंथरतात. मी आधी जाते. कुणी या म्हणायच्या आत जाते आणि मधोमध बसते. सुमनला शेजारी घेते. तेलगू बायका आधी लांब उभ्या राहायच्या, आता माझ्या मागोमाग येऊन बसतात. मला कुणी बोलवू नये. मी कुणाच्या बोलावण्यानं बसणार नाही, म्हणजे कुणाच्या सांगण्यानं उठायची पाळी येणार नाही.